बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

पंडिता रमाबाई म्हटले की केडगावचे मुक्ती मिशन, दुष्काळातून वाचविलेल्या मुली आणि बायबलचे मराठी भाषांतर आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु या थोर कार्याच्या मुळाशी त्यांच्या अंतःकरणात घडलेला जो पालट आहे, त्याचे स्मरण आपल्याला क्वचितच होते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान आणि अत्यंत धर्मनिष्ठ गृहस्थ होते. पत्नी व मुलांना घेऊन त्यांनी वर्षानुवर्षे तीर्थयात्रा केल्या, पुराणे सांगितली, व्रते पाळली आणि जवळचे सारे द्रव्य दानधर्मात वेचले. पुढे १८७० च्या दशकातील दुष्काळात रमाबाईंचे आईवडील व थोरली बहीण उपासमारीने मृत्यू पावली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री अनवाणी हिंडत राहिले. पुण्य पदरी पडावे म्हणून देह झिजविणे म्हणजे काय, हे रमाबाईंनी ग्रंथांत वाचले नव्हते. ते त्यांनी भोगले होते.

१८७८ मध्ये कलकत्त्यास त्यांच्या विद्वत्तेचा मोठा गौरव झाला. त्यानंतर बंधू गेले, विवाह झाला आणि १८८२ मध्ये वैधव्यही आले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेजच्या भगिनीसंघाच्या भगिनी पतित स्त्रियांची किती मायेने सेवा करतात, हे त्यांनी पाहिले. प्रभू येशू शोमरोनी स्त्रीशी कसा वागला, हेही त्यांनी वाचले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी कन्या मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आपल्याला वाटेल, येथे शोध संपला. परंतु तसे झाले नाही. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन काढले, पुढे ते पुण्यास नेले. विधवांसाठी त्या रात्रंदिवस झटत होत्या. ख्रिस्ती मते बुद्धीला पटली होती, बाप्तिस्मा झाला होता, मंडळीत नाव होते. तरी पापाचे ओझे उतरले नव्हते. अशा वेळी विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. उपदेशपीठावर उभे राहणाऱ्या माणसालाही तारणाची गरज असू शकते, हे त्यातून त्यांना उमगले. १८९१ च्या सुमारास त्यांनी स्वतःची प्रामाणिकपणे तपासणी केली. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अद्याप मिळालेला नाही, अशी कबुली पुढे त्यांनी आपल्या साक्षीत दिली.

तेव्हा त्यांनी स्वतःला सुधारून देवाला संतुष्ट करण्याची आशा सोडली आणि वधस्तंभावर सर्व काही पूर्ण करणाऱ्या प्रभूपुढे त्या रिकाम्या हातांनी आल्या. विद्या, त्याग, बाप्तिस्मा, समाजसेवा यांपैकी काहीही किंमत म्हणून पुढे करण्याजोगे उरले नव्हते. ज्या शांतीसाठी त्यांच्या वडिलांनी सारी भरतभूमी पालथी घातली होती, ती त्यांना फुकट मिळाली.

कृपेने त्यांचे हात आळसावले नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून भुकेल्या मुली व विधवा आणून केडगावी वसविल्या. लोकांनी टाकलेल्या स्त्रियांसाठी तेथे जे घर उभे राहिले, त्याचे नावच कृपासदन होते. साध्या स्त्रियांनाही कळेल अशा मराठीत शास्त्र आणण्यासाठी त्या उतारवयात इब्री व ग्रीक शिकल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी त्यांनी हे काम सोडले नाही. ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या.

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांचा जन्म ख्रिस्ती घरात झाला. बाप्तिस्मा, दृढीकरण, मंडळीतील सेवा, नियमित दान हे सर्व आपल्यापाशी आहे. ते चांगलेच आहे. परंतु तेच आपले भांडवल तर झाले नाही ना? संस्कृतच्या महान पंडितेला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी हा प्रश्न स्वतःला विचारण्याची लाज वाटली नाही. आपणही तो आज, प्रार्थनेत गुडघे टेकून, स्वतःला विचारू या.