फेर्नांदो सोर

स्पेन देशात समुद्रकाठी बार्सिलोना नावाचे शहर आहे. तेथे इ. स. १७७८ मध्ये फेर्नांदो सोर याचा जन्म झाला. मुलाने सैन्यात जावे, अशी घरच्यांची इच्छा होती; परंतु त्याचे चित्त लहानपणापासूनच संगीतात गुंतले. वडील निवर्तल्यावर माँसेरात पर्वतावरील मठाच्या संगीतशाळेत त्याचे शिक्षण झाले. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्याने रचलेले संगीतनाटक बार्सिलोनाच्या रंगभूमीवर आले.

१८०८ मध्ये नेपोलियनच्या फौजा स्पेनमध्ये शिरल्या. प्रथम सोरने देशाभिमानाची गीते रचली. पण पुढे परक्यांच्या अमलाखालीच त्याने सरकारी नोकरी पत्करली. हे त्याचे करणे योग्य होते, असे कोण म्हणेल? त्याचे फळ मात्र त्याने पुरते भोगले. १८१३ साली फ्रेंचांचे पाय स्पेनमधून निघाले, तेव्हा त्यालाही मायभूमी सोडावी लागली. ती त्याला पुन्हा दिसली नाही.

पॅरिस, लंडन, मॉस्को असा तो फिरला. सर्वत्र त्याच्या वादनाची वाहवा झाली. अखेर तो पॅरिसला स्थायिक झाला आणि शिष्यांना शिकवू लागला.

गिटार शिकविणारी पुस्तके त्या काळी नव्हती असे नाही. परंतु अमुक बोट अमुक ठिकाणी ठेवावे, एवढे सांगून पुष्कळशी पुस्तके थांबत. ते बोट तेथेच का ठेवावे, हा प्रश्न शिष्याच्या मनातच राही. सोरने १८३० मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने प्रत्येक गोष्टीचे कारण दिले. हात आणि बोटे यांची ठेवण कशी असते, वाद्य स्थिर राहावे म्हणून ते मेजाच्या कडेला कसे टेकवावे, उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी व मध्यमा यांवरच मुख्य भार का द्यावा, हे सारे त्याने विचारपूर्वक समजावून दिले. तार नखाने छेडू नये, बोटाच्या अग्रानेच छेडावी, असे त्याचे मत होते. त्याचा देशबंधू दिओनिसिओ आग्वादो नखाने वाजवी. त्यानेही गिटारवर पुस्तक लिहिले होते. मत भिन्न, तरी दोघांचे सख्य जडले. दोघांनी मिळून वाजवावी अशी एक रचना सोरने केली आणि तिला ‘दोन मित्र’ असे नाव दिले!

नवशिक्यांना हा ग्रंथ जड वाटे. म्हणून उतारवयात सोरने त्यांच्यासाठी पंचवीस सोपे पाठ रचले. पहिल्या पाठात एका वेळी एकच स्वर वाजवावयाचा. मग हळूहळू स्वर वाढत जातात. थोर वादकाला असे खाली उतरून शिकविणे नेहमीच साधते असे नाही.

१८३७ मध्ये त्याची लाडकी कन्या मरण पावली. या आघातातून तो सावरला नाही. १० जुलै १८३९ रोजी पॅरिसमध्ये त्याने देह ठेवला.

पुढे शंभराहून अधिक वर्षांनी, १९४५ मध्ये, आंद्रेस सेगोव्हिया या विख्यात स्पॅनिश वादकाने सोरच्या अभ्यासपाठांतून वीस पाठ निवडून छापविले. देशोदेशीचे विद्यार्थी आजही त्यांवर आपली बोटे तयार करतात.