नामदार गोखले थेट दक्षिण आफ्रिकेत गेले, कारण होतं ३ पौंडांचा कर

गोपाळ कृष्ण गोखले म्हटलं की शाळेच्या पुस्तकातल्या दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे ते मवाळ नेते होते आणि दुसरी म्हणजे ते गांधीजींचे राजकीय गुरू होते. पण त्यांच्या नावामागे नामदार का लावतात?

तर तेव्हा कायदेमंडळाच्या सभासदाला नामदार म्हणायचे. गुहागरजवळच्या कोतळूक गावात १८६६ साली जन्मलेले गोखले आधी फर्ग्युसन कॉलेजात शिकवायचे. पुढे ते मुंबई कायदेमंडळात गेले आणि १९०२ पासून अखेरपर्यंत व्हाइसरॉयच्या केंद्रीय कायदेमंडळात होते. तिथे बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचं. म्हणजे गोखल्यांनी कितीही मुद्देसूद भाषण केलं तरी मतदानात हरणार, हे आधीच ठरलेलं.

अशा सभागृहात बसून त्यांनी एक प्रश्न धरला. समुद्रापार गेलेल्या भारतीय मजुरांचा.

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद झाली आणि मळेवाल्यांना मजूर मिळेनात. मग भारतातून माणसं नेण्याची पद्धत सुरू झाली. पाच वर्षांचा करार, त्यावर अंगठा, आणि बोट निघाली. मजूर या ऍग्रीमेंटला गिरमिट म्हणायचे. (सुताराच्या गिरमिटाशी याचा काही संबंध नाही.) कामावर गेलं नाही तर पगार कापून भागत नसे, तुरुंगात जावं लागे. दर १०० पुरुषांमागे फक्त ४० बायका पाठवायचा नियम होता, त्यातून वस्त्यांमध्ये काय काय घडत असेल याची कल्पना करता येते.

दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये १८६० पासून असे मजूर जात होते. उसाचे मळे, कोळशाच्या खाणी, रेल्वे, सगळीकडे तेच. पण करार संपल्यावर त्यांनी तिथेच घर करावं, हे गोऱ्यांना नको होतं. म्हणून १८९५ मध्ये कायदा आला. करार संपल्यावर भारतात परत जा, नाहीतर पुन्हा गिरमिट करा, नाहीतर वर्षाला ३ पौंड भरा. करार सुरू होताना मजुराचा पगार महिन्याला १० शिलिंग होता, म्हणजे वर्षाला ६ पौंड. त्यात कर माणशी होता. बायकोचा वेगळा, १६ वर्षांवरच्या मुलाचा वेगळा, १३ वर्षांवरच्या मुलीचा वेगळा. चौघांच्या घराला १२ पौंड. हा कर वसुलीसाठी कमी आणि हाकलण्यासाठी जास्त होता.

गोखल्यांनी नेमकी नस पकडली. नाताळला भारतीय माणूस नको होता, पण मजूर हवा होता. मग मजूरच बंद केले तर?

१९०९ च्या सुधारणांनी सभासदांना ठराव मांडायचा अधिकार नुकताच मिळाला होता. २५ फेब्रुवारी १९१० ला गोखल्यांनी नाताळसाठीची मजूरभरती थांबवण्याचा ठराव मांडला. सरकारने तो चक्क मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून नाताळला मजूर पाठवणं बंद झालं. ४ मार्च १९१२ ला त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. गिरमिट पद्धत सगळीकडूनच रद्द करा, असा ठराव. भारतीय सभासद पाठीशी उभे राहिले, पण सरकारी मतांनी ठराव पाडला.

त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला गोखले केपटाउनला उतरले. मधुमेहाने तब्येत आधीच पोखरलेली. तरी महिनाभर गावोगावी सभा चालू होत्या. तिथल्या सरकारने त्यांना रेल्वेचा खास सलून दिला होता. जोहान्सबर्गच्या मेजवानीसाठी न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेलं उपरणं त्यांनी काढलं, तेव्हा त्याला इस्त्री गांधीजींनी केली. भारतीयांसमोर इंग्रजीत बोलू नका, मराठीत बोला, हा आग्रहही गांधीजींचाच. श्रोत्यांत कोकणी मुसलमान होते, मराठी हिंदू होते. पुढे झांझिबारपर्यंत भारतीयांच्या सभेत गोखले मराठीत बोलत आणि गांधीजी त्याचं हिंदुस्थानीत भाषांतर करत.

१४ नोव्हेंबरला प्रिटोरियात गोखले पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्स यांना भेटले. बाहेर आले ते खुशीत. ३ पौंडांचा कर जाणार असा शब्द मिळालाय, आता वर्षभरात भारतात परत या, असं त्यांनी गांधीजींना सांगितलं. गांधीजींना मात्र या मंत्र्यांचा भरवसा नव्हता.

आणि झालंही तसंच. पुढच्या वर्षी असा शब्द दिलाच नव्हता, अशी भूमिका स्मट्स यांनी घेतली. इथे गोखल्यांचा भाबडेपणा दिसतो, हे मान्य करावं लागतं. पण त्या मोडलेल्या शब्दानेच लढ्याला बळ दिलं. गोखल्यांना फसवलं म्हणजे सगळ्या भारताला फसवलं, असं म्हणत गांधीजींनी कराचा मुद्दा सत्याग्रहात घेतला. तोवर त्यात मजूर फारसे नव्हते. ऑक्टोबर १९१३ मध्ये न्यूकॅसलच्या खाणी बंद पडल्या, मग उसाचे मळे. हजारो मजूर संपावर होते.

इकडे आजारी गोखले भारतात पैसे गोळा करत होते. त्यांनीच चार्ल्स अँड्र्यूज आणि विल्यम पिअर्सन यांना आफ्रिकेत पाठवलं. सरकारने चौकशी आयोग नेमला, त्यावर गांधीजींनी बहिष्कार टाकला. गोखल्यांना तो पटला नव्हता, तारांमधून त्यांनी तसं कळवलंही, पण मदत थांबवली नाही. १९१४ मध्ये कायदा होऊन ३ पौंडांचा कर रद्द झाला.

गांधीजी जानेवारी १९१५ मध्ये भारतात परतले. १९ फेब्रुवारीला पुण्यात गोखल्यांचं निधन झालं. वय अवघं ४८.

१९१२ मध्ये पाडलेला त्यांचा ठराव मार्च १९१६ मध्ये त्याच सभागृहात पुन्हा आला. या वेळी तो पंडित मदनमोहन मालवीय यांनी मांडला आणि व्हाइसरॉय हार्डिंग यांनी तो स्वीकारला. १९१७ मध्ये भरती थांबली. फिजीतल्या मळ्यांवर उरलेल्या मजुरांचे करार १ जानेवारी १९२० ला रद्द झाले.