आचार्य सुश्रुत आणि वाहणारे रक्त

प्रथमोपचाराच्या तासाला आम्हाला सर्वांत आधी शिकवतात ते जखमेतून वाहणारे रक्त थांबवायला. हाच धडा काशीत, म्हणजे आजच्या वाराणसीत, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी आचार्य सुश्रुतांनी गिरवला.

त्यांच्या आयुष्याबद्दल फार थोडे हाती लागते. परंपरेप्रमाणे ते विश्वामित्रांचे पुत्र. काशीचा राजा दिवोदास यालाच धन्वंतरी मानतात. त्याच्याकडे ते सहाध्यायांबरोबर शल्यविद्या शिकले. त्यांचा काळ कोणी इ. स. पूर्व सहावे शतक धरतात, कोणी त्यानंतरचा. पण ‘सुश्रुतसंहिते’त त्यांची शिस्त स्पष्ट दिसते. शिष्याने माणसाला शस्त्र लावण्याआधी कोहळा, दुधी, काकडी कापून हात बसवायचा. (आमच्या मेसमध्ये दुधीचा इतका चांगला उपयोग कधी झालेला नाही.) शीर उघडण्याचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. शरीराची रचना समजण्यासाठी प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचे आणि मग थर थर सोडवून पाहायचे.

मला सर्वांत आवडले ते सैन्याच्या वैद्यावरचे प्रकरण. छावणीत वैद्याचा तंबू राजाच्या तंबूजवळ असावा आणि जखमींना तो ध्वजासारखा लांबून ओळखू यावा, असे त्यात आहे.

रक्त थांबवण्याचे चार उपाय ते सांगतात: तुरट औषधांनी जखम सांधणे, थंडाव्याने रक्त थिजवणे, राखेने जखम सुकवणे, आणि हे तिन्ही हरले तरच डागणे.

यातला थंडावा आज वेगळ्याच कामाला येतो. रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारा पिवळसर द्रव म्हणजे प्लाझ्मा. रक्त गोठवणारे घटक त्यातच असतात. ते टिकावेत म्हणून रक्तपेढीत प्लाझ्मा काही तासांत उणे ३० अंशांवर गोठवतात. मग तो वर्षभर चालतो. वितळवला की मात्र पाचवा आणि आठवा घटक घटू लागतात, फ्रिजमध्ये ठेवला तरीही. म्हणून तो साधारणपणे २४ तासांत वापरतात. खूप रक्त गेलेल्या जखमीला नुसत्या तांबड्या पेशी देत राहिले, तर त्याच्या अंगातले हे घटक विरळ होतात आणि रक्त थांबत नाही.

बर्फाने छोट्या जखमेच्या शिरा आकसतात, तेवढ्यापुरते आचार्यांचे म्हणणे आजही पटते. पण सगळे शरीरच गार पडले तर रक्त गोठायला उशीर लागतो. त्यामुळे पिशवी ३७ अंशांच्या आसपासच्या पाण्यात वितळवतात, आणि युद्धभूमीवरच्या जखमीला घोंगडीत गुंडाळतात.