कल्याणची यमुना

कल्याण म्हटलं की आज आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? गर्दीचं जंक्शन, खचाखच भरलेल्या लोकल, आणि डबा-पर्स सांभाळत लेडीज डब्यात शिरणाऱ्या नोकरदार बायका. मुंबईचं एक उपनगर, एवढीच त्याची ओळख उरली आहे. पण दीडशे वर्षांपूर्वी हे खाडीकाठचं जुनं गाव होतं. दुर्गाडी किल्ल्याच्या सावलीतलं, वाड्यांचं, सोवळ्याओवळ्याचं. आगगाडी तिथे १८५४ सालीच पोहोचली होती. गाडी आली म्हणून माणसांची मनं मात्र लगेच पुढे गेली नाहीत! अशा या गावात जोशांच्या घरातली यमुना नावाची मुलगी वाढत होती. हीच पुढे डॉ. आनंदीबाई जोशी झाली.

मैत्रिणींनो, आनंदीबाईंचं नाव आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं. पहिली महिला डॉक्टर, अमेरिकेला गेली, लवकर वारली. तीन ओळींत संपलं! मी आमच्या तालुक्याच्या गावी किशोरवयीन मुलींचा एक गट चालवते. तिथे ही गोष्ट सांगितली की मुली हमखास एकच प्रश्न विचारतात. तिला स्वतःला जायचं होतं, की नवऱ्याने पाठवलं म्हणून ती गेली? या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला तिचं सगळं आयुष्यच पुन्हा वाचावं लागलं. आणि ते आयुष्य होतं तरी केवढं? बावीस वर्षंही पुरती नाहीत. म्हणजे आपण जिला आदराने आनंदीबाई म्हणतो, ती खरं तर आयुष्यभर एक कोवळी मुलगीच होती.

यमुनेचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. घराणं जमीनजुमल्याचं, पण वैभव ओसरत चाललेलं. वडील गणपतराव तिच्या शिकण्याचं कौतुक करणारे, तर आई कडक, हात उचलणारी. नऊ वर्षं पूर्ण होता होता तिचं लग्न लागलं. नवरा गोपाळराव जोशी, पोस्ट खात्यात कारकून, मूळचे संगमनेरचे, बिजवर आणि तिच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. त्यांची एक अट मात्र जगावेगळी होती. मुलीला शिकवायला घरच्यांनी आडकाठी करायची नाही! हुंडा, मानपान यांवर लग्नं मोडण्याच्या त्या काळात अशी अट घालणारा नवरा विरळाच.

लग्नात यमुनेची आनंदी झाली. माहेर जोशी, सासर जोशी, त्यामुळे आडनाव तेवढं तेच राहिलं. आपल्यापैकी कितीजणींनी हा अनुभव घेतला असेल! तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं जातं आणि जुनी मुलगी कुठे जाते, ते कुणी विचारत नाही.

पुढची वर्षं बदल्यांची. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज. अलिबागला तिची आजी सोबत गेली, कारण सून म्हणून संसार करायला ती फारच लहान होती. गोपाळराव तिला हट्टाने शिकवायचे, पण त्यांचं शिकवणं म्हणजे प्रेमाने पाटी पुढे ठेवणं नव्हतं. अभ्यास सोडून ती स्वयंपाकघरात रमलेली दिसली की मार बसे. लाकडाचा मार, अंगावर फेकलेल्या खुर्च्या, पुस्तकं आणि सोडून जाण्याच्या धमक्या, हे सगळं तिने पुढे अमेरिकेतून त्यांनाच लिहिलेल्या पत्रात नोंदवून ठेवलं आहे. इतर बायकांना स्वयंपाक नीट केला नाही म्हणून मार बसायचा, हिला स्वयंपाक केला म्हणून! आपण गोपाळरावांना डोक्यावर घेतो तेव्हा ही बाजू झाकून ठेवू नये. बायको शिकवली म्हणून मारणं क्षम्य होत नाही. आणि मारलं म्हणून, त्यांनी तिच्यासाठी साऱ्या समाजाशी घेतलेलं वैर खोटं ठरत नाही. दोन्ही खरं होतं, आणि ती मुलगी त्या दोन्हींच्या मधे वाढत होती.

चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. तेव्हाच्या कायद्यात संमतीचं वय होतं अवघं दहा! ते बारा व्हायला १८९१ साल उजाडावं लागलं. चौदा वर्षांच्या मुलीचं बाळंतपण आणि योग्य उपचाराविना गेलेलं बाळ, ही तेव्हा घरोघरची गोष्ट होती. बायका पुरुष डॉक्टरसमोर जायच्या नाहीत आणि बाई डॉक्टर तर नव्हतीच. सुईण आणि नशीब, एवढाच आधार.

मुलींच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. तोवर शिक्षण हा गोपाळरावांचा हट्ट होता. या दहा दिवसांनंतर तो तिचा स्वतःचा झाला. डॉक्टर व्हायचं, ते कुणाच्या हौसेसाठी नव्हे, तर आपल्यासारख्या बायकांसाठी, हे तिने मनाशी ठरवलं.

१८७८ मध्ये गोपाळरावांनी कोल्हापूरहून अमेरिकेतले मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिलं. बायकोला शिकवायचं आहे, मदत मिळेल का? उत्तराचा रोख होता, ख्रिस्ती व्हा. जोडप्याला ते मान्य नव्हतं. पण वाइल्डरांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. दोन वर्षांनी, १८८० मध्ये, न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी तो अंक दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट पाहत असताना सहज चाळला. आणि त्यांनी थेट या अनोळखी पोरीला पत्र लिहिलं! साता समुद्रापलीकडची मावशीच मिळाली म्हणा ना. मग पत्रं सुरू झाली. सणवार, रीतीभाती, बालविवाह, तब्येतीच्या तक्रारी, सगळं त्यात असायचं. डोकेदुखी, ताप, अशक्तपणा हे तिच्यामागे तेव्हापासूनच लागलं होतं. कार्पेंटरबाईंनी तिकडून औषधंही पाठवली.

पुढची बदली बंगालमध्ये झाली, आधी कलकत्ता, मग सेरामपूर. तिथे नवऱ्यासोबत पायी फिरणारी, शिकणारी मराठी बाई म्हणजे लोकांना तमाशाच. टोमणे, हसणं, नको ते पाहणं रोजचं झालं. तिने एकटीने परदेशी जायचं ठरल्यावर तर कहरच झाला. तेव्हा तिने काय करावं? २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात ती उभी राहिली आणि लोकांच्या एकेका प्रश्नाला इंग्रजीत उत्तर दिलं. का जाते, इथे का शिकत नाही, एकटी का, परत आल्यावर जातीने वाळीत टाकलं तर काय. सगळ्याचं सार एकच होतं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. अठरावं वर्षही तेव्हा पुरं व्हायचं होतं!

अंगावरचं सोनं विकून तिकिटाचे पैसे उभे राहिले. ७ एप्रिलला तिने कलकत्ता सोडलं आणि ४ जूनला ती न्यू यॉर्कला पोहोचली. सोबतीला जहाजावर मिशनरी बायका होत्या, आपलं माणूस एकही नाही.

कार्पेंटरांच्या घरी ती रुळली. त्यांना तिने आपल्या पद्धतीचं जेवण करून वाढलं. मग फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तिला प्रवेश मिळाला. तीन वर्षांसाठी सहाशे डॉलर्सची मदतही मिळाली. डीन रेचल बॉडली यांनी तिच्यावर माया केली. पण तिथली थंडी कोणाची नव्हती! खोलीतली शेकोटी पेटवली की धूर कोंडायचा, विझवली की गारठा. शाकाहार सोडायचा नाही हा तिचा निर्धार होता. नऊवारीत पोटऱ्या, कंबर उघडी पडून थंडी वाजायची, म्हणून तिने गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. साडी सोडली नाही, नेसण बदललं. मला तिचा हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. परंपरा म्हणजे काय जपायचं आणि कशाला मुरड घालायची, हे तिचं तिने ठरवलं. नवऱ्याने नाही, मिशनऱ्यांनी नाही, कल्याणच्या लोकांनीही नाही.

गोपाळरावांची पत्रं मात्र कधी संशयाची, कधी टोचणारी यायची. तिनेही आता गप्प न बसता उत्तरं दिली. वर सांगितलेलं माराचं पत्र त्यातलंच. त्यात राग आहे, पण नातं तोडण्याची भाषा नाही. मार खाणारी दहा वर्षांची पोर आता त्याच माणसाला समोरासमोर हिशेब सांगत होती. मला वाटतं, पदवीइतकंच मोठं यश होतं ते.

कॉलेजमधला १८८५ सालचा तिचा एक फोटो प्रसिद्ध आहे. तिघीजणी शेजारी शेजारी आहेत, जपानची केइ ओकामी, सीरियाची साबात इस्लामबुली आणि आपली आनंदी. तिघीही आपापल्या देशाच्या वेषात. घरापासून इतक्या दूर आल्यावर तिघींनाही आपण कुठल्या, हे सांगावंसं वाटलं.

११ मार्च १८८६ रोजी ती एम. डी. झाली. एकवीस वर्षं पूर्ण व्हायला अजून वीस दिवस होते. प्रबंधाचा विषय तिने निवडला होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. ज्या दुःखातून निघाली, त्याच विषयाकडे वळली! पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्याच वर्षी इकडे कलकत्त्यात कादंबिनी गांगुलीही डॉक्टर झाल्या. म्हणून पहिली कोण, या वादात मला रस नाही. दोघींनी एकाच वेळी दोन दारं उघडली, हे महत्त्वाचं.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी तिची वाट पाहत होती. पण क्षयाने तिला आतून पोखरलं होतं. १८८६ च्या अखेरीस ती परतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेली. डॉक्टर होऊन आलेल्या या मुलीला नेमणुकीच्या जागी एक दिवसही काम करता आलं नाही. मन हळहळतं.

तिच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यू यॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी, कार्पेंटरांच्या कौटुंबिक स्मशानभूमीत त्या आहेत. तिथल्या दगडावर शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री अशी तिची नोंद आहे. इकडे काशीबाई कानिटकरांनी तिचं मराठी चरित्र लिहिलं आणि एका बाईची कहाणी दुसऱ्या बाईने जपली. कल्याणची मुलगी परक्या मातीत विसावली, पण परकी झाली नाही. तिने आपली मुळं सोबत नेली होती.

आज मुलीच्या लग्नाचं कायद्याने वय अठरा आहे. तरी आपल्या आसपास पंधराव्या-सोळाव्या वर्षी स्थळं येतात, दहावीचा निकाल लागायच्या आत साखरपुडे होतात. शहरात शिकायला पाठवली तर मुलगी बिघडेल, आपली राहणार नाही, ही भीती आजही आईच्याच तोंडी असते. अशा वेळी त्या आईला कल्याणच्या यमुनेची गोष्ट सांगावी. शिक्षणाने मुलीची मुळं तुटत नाहीत. तुटतात ती तिच्या मनाविरुद्ध सगळं ठरवल्याने.

आणि मुलीला शिकवणाऱ्या घरांनाही एक सांगावंसं वाटतं. तिला डॉक्टर करायचं की इंजिनिअर, हा हट्ट आपला असेल तर जरा थांबावं. तिला काय हवं आहे, ते एकदा तिच्याजवळ बसून विचारावं. आनंदीला ते कुणी विचारलं नाही. तिचं उत्तर तिने दुःख सोसून, एकटीने शोधलं. आपल्या लेकींना ते इतकं महाग पडू नये.