संत शार्ल द फुको : सेनाधिकारी आणि ग्रंथकार

१ डिसेंबर हा संत शार्ल द फुको ह्यांचा स्मृतिदिन. वाळवंटातील तपस्वी म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु ते फ्रेंच घोडदळातील अधिकारी व मान्यवर ग्रंथकारही होते, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही.

१५ सप्टेंबर १८५८ रोजी स्ट्रासबुर्ग येथे त्यांचा जन्म झाला. बालपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. कर्नल असलेल्या आजोबांनी सांभाळ केला. तारुण्यात पदार्पण करताना श्रद्धा गळून पडली, वारशाने आलेली संपत्ती त्यांनी चैनीत उधळली. १८८१ साली गैरवर्तनामुळे सैन्यातून दूर व्हावे लागले. मात्र आपली तुकडी अल्जीरियात लढत असल्याचे समजताच ते स्वतःहून परतले.

पुढील वर्षी राजीनामा देऊन त्यांनी मोरोक्कोची वाट धरली. त्या काळी युरोपियनांना तेथे मोकळेपणी फिरता येत नसे. म्हणून यहुदी वेष घेऊन, मार्दोशे ह्या रब्बींच्या सोबतीने ते १८८३-८४ मध्ये जवळजवळ वर्षभर हिंडले. तळहातात मावणारी वही आणि दोन सेंटिमीटरची पेन्सिल लपवून ते नोंदी करीत. ह्या प्रवासावरील त्यांचा ग्रंथ १८८८ साली प्रसिद्ध झाला. तत्पूर्वीच पॅरिसच्या भूगोल संस्थेने त्यांना सुवर्णपदक दिले होते.

मुस्लिमांची प्रार्थनानिष्ठा पाहून त्यांचे मन अस्वस्थ झाले होते. १८८६ साली पॅरिसच्या संत ऑगस्टिन चर्चमध्ये फादर ह्युवेलीन ह्यांच्यापाशी त्यांनी पापनिवेदन केले. मग ट्रॅपिस्ट मठ, नाझरेथमधील चाकरी, आणि १९०१ साली गुरुदीक्षा. सहारात गेल्यावर गुलामगिरीविरुद्ध त्यांनी आवाज उठविला.

१९०५ पासून ते तामानरासेत येथे तुआरेग लोकांत राहिले. १९०८ मध्ये ते मरणोन्मुख झाले, तेव्हा दुष्काळातही त्या लोकांनी शेळीचे दूध मिळवून त्यांना जगविले. द्यायला आलेला माणूस घेणारा झाला! त्यांच्या भाषेचा कोश व कवितांचा संग्रह करण्यात त्यांनी रात्रंदिवस कष्ट वेचले.

सेनाधिकाऱ्यांशी त्यांचा पत्रव्यवहार अखेरपर्यंत चालू होता, वसाहतवादी राज्यावर त्यांचा विश्वासही होता. ही बाजू झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. महायुद्धाच्या काळात आश्रयासाठी बांधलेल्या त्यांच्या गढीत शस्त्रेही होती. १ डिसेंबर १९१६ रोजी त्याच गढीच्या दाराशी हल्लेखोरांच्या गोळीने त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांच्यासोबत राहणारा एकही धर्मबंधू नव्हता.

१५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांना संतपद बहाल केले. चार खंडांचा तुआरेग-फ्रेंच शब्दकोश मात्र त्याआधीच, १९५१-५२ साली, छापून झाला होता.