पंजाबराव देशमुख : शेतकऱ्याच्या शिक्षणाचा हिशेब

विदर्भात भाऊसाहेब हे संबोधन नुसते उच्चारले, तरी ऐकणाऱ्याच्या मनात डॉ. पंजाबराव देशमुख यांचीच मूर्ती उभी राहते. त्यांच्या नावाची विद्यालये व महाविद्यालये गावोगावी आहेत. अकोल्याचे कृषी विद्यापीठ त्यांचे नाव धारण करते. शिक्षणमहर्षी ही उपाधी तर त्यांच्या नावाला कायमची चिकटली आहे. परंतु या उपाधीमुळेच त्यांच्या कार्याचा निम्मा भाग झाकला गेला आहे. पंजाबरावांना शिक्षणाची जितकी आस्था होती, तितकीच चिंता त्या शिक्षणाचा खर्च सोसणाऱ्या शेतकऱ्याच्या पडत्या अर्थस्थितीची होती. त्यांचे जीवन नीट समजून घ्यायचे, तर या दोन गोष्टींचा परस्परसंबंध लक्षात घ्यावा लागतो.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. वऱ्हाड हा कापसाचा प्रांत. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६० नंतर, येथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना हवाहवासा वाटू लागला आणि प्रांतात पैसा खेळू लागला. पण तो पिकविणाऱ्याच्या हाती फारसा टिकला नाही. सावकार, अडते व व्यापारी यांच्या साखळीत कुणबी हा शेवटचा दुवा राहिला. अशा समाजातील मुलाला शिकायचे, तर गाव सोडणे भाग होते. पापळहून चांदूर रेल्वे, तेथून कारंजा, तेथून अमरावती आणि पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय असा पंजाबरावांचा प्रवास झाला. १९२० साली ते विलायतेस गेले. मुलाच्या शिक्षणासाठी वडील शामराव यांनी कर्जाचा भार पत्करला. शेतकऱ्याच्या घरातील एक पदवी म्हणजे किती ओझे असते, हे पंजाबरावांना पुस्तकातून शिकण्याची गरज पडली नाही.

एडिंबरो व ऑक्सफर्ड येथे त्यांनी अध्ययन केले आणि ते बॅरिस्टरही झाले. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उद्गम व विकास हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९२६ साली ते अमरावतीस परतले. वेदांचा अभ्यास करून आलेला हा कुणब्याचा मुलगा पुढच्याच वर्षी अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे, या चळवळीत उतरला. त्या प्रश्नावर १९२७ च्या नोव्हेंबरात अमरावतीत भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्याच वर्षी पंजाबरावांनी विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. प्रबंधातील विद्वत्ता व सार्वजनिक वर्तन यांत त्यांनी अंतर पडू दिले नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

वकिली करीत असताना शिक्षणकार्याचा आरंभ त्यांनी वसतिगृहापासून केला, हे विशेष अर्थपूर्ण आहे. स्वामी श्रद्धानंदांच्या नावाने अमरावतीत निघालेले छात्रालय सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी होते. वरवर पाहता वसतिगृह हे शाळेचे एक अंग वाटते. परंतु शेतकऱ्याच्या बाजूने हिशेब मांडून पाहावा. बारा वर्षांचा मुलगा घरी असला, तर गुरे राखतो, निंदणाला हातभार लावतो, वेचणीच्या दिवसांत मजूर वाचवितो. तो शाळेत गेला की हे सारे बुडते. अर्थशास्त्रात यास पर्यायी खर्च म्हणतात. त्यात शहरातील खोली व खाणावळ यांची भर पडली की फी ही या खर्चातील सर्वांत लहान रक्कम ठरते. फी माफ करून शिक्षण मोफत झाले असे मानणारे शासन या मोठ्या खर्चाकडे पाहातच नाही. पंजाबरावांनी मात्र नेमके तेथेच बोट ठेवले. राहण्याची व जेवणाची सोय झाली, तरच खेड्यातला मुलगा शहरातल्या शाळेपर्यंत पोहोचणार, हे त्यांनी स्वानुभवाने ओळखले होते.

१९३० साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते मध्यप्रांत व वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात आले. शिक्षण व शेती ही खाती एकाच वेळी त्यांच्याकडे होती. काळ मात्र विलक्षण कठीण होता. जागतिक मंदीत कापसाचे भाव निम्म्यावर आले, पण कर्जाचे आकडे व साऱ्याची रक्कम जशीच्या तशी राहिली. म्हणजेच मालाच्या रूपात मोजले, तर शेतकऱ्याचे कर्ज एकही नवा रुपया न घेता दुप्पट झाले. कर्जाची रक्कम तडजोडीने ठरवून हप्ते बांधून देणारा कर्ज लवाद कायदा १९३३ साली त्या प्रांतात झाला. त्यासाठी पंजाबरावांनी केलेला पाठपुरावा वऱ्हाडचा शेतकरी विसरलेला नाही. देवस्थानांच्या मालमत्तेविषयीचे विधेयकही त्यांनी १९३२ साली कायदेमंडळात मांडले. १९३३ साली ते मंत्रिपदावरून पायउतार झाले.

मंत्रिपदावर असतानाच, १९३२ साली, त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना केली. ‘महाराष्ट्र केसरी’ हे वृत्तपत्र काढून त्यांनी बहुजन समाजाचे प्रश्न लेखणीनेही मांडले. ज्या समाजात वाचणारेच थोडे, त्याच्यासाठी वृत्तपत्र चालविणे हा व्यवहाराच्या दृष्टीने तोट्याचा सौदा होता. परंतु शाळा वाचक घडवील आणि वृत्तपत्र त्या वाचकाला आपल्या हिताची जाण देईल, अशी ही जोडणी होती. १९४६ साली अमरावतीस शिवाजी महाविद्यालय निघाले आणि संस्थेचा वेल पुढे वऱ्हाडभर पसरला.

घटना परिषदेत पंजाबराव सदस्य होते व ग्रामीण आणि मागास वर्गांची बाजू त्यांनी तेथे वारंवार मांडली. १९५२ पासून १९६२ पर्यंत ते केंद्रात मंत्री होते व मुख्यतः शेतीचे काम त्यांनी पाहिले. जपानी पद्धतीच्या भातशेतीची १९५३ मधील मोहीम, १९५५ साली स्थापन झालेला भारत कृषक समाज आणि दिल्लीत १९५९ च्या डिसेंबरात सुरू झालेले जागतिक कृषी प्रदर्शन ही त्या काळातील ठळक कामे होत. यांपैकी कृषक समाजाला अधिक महत्त्व द्यावे लागेल. कारखानदारांना व व्यापाऱ्यांना आपापले चेंबर असते, कामगारांना संघटना असते. देशातील सर्वांत मोठा उत्पादकवर्ग मात्र विखुरलेला होता. पक्ष, जात व प्रांत ओलांडून त्याला एक व्यासपीठ द्यावे, हा त्यामागील हेतू होता.

अर्थात या दशकाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिल्या योजनेत शेती व पाटबंधारे यांना एकूण खर्चाचा सुमारे एक तृतीयांश वाटा मिळाला होता. दुसऱ्या योजनेत तो एक पंचमांशाच्या आसपास आला. १९५६ पासून अमेरिकेचा गहू सवलतीने येऊ लागला. शहरातील ग्राहकाला त्याने दिलासा दिला, पण धान्याचे भाव वर जाण्यास त्यामुळे अटकाव झाला. कृषिमंत्र्याचा उत्साह कितीही मोठा असला, तरी नियोजनाची दिशा अवजड उद्योगांकडे वळली होती. ती बदलण्याएवढे बळ त्यांच्यापाशी नव्हते. संघटित शेतकरी मागे असता, तर कदाचित चित्र वेगळे दिसले असते. कृषक समाजाची गरज किती खरी होती, याचा हाच पुरावा होय.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. चार वर्षांनी, १९६९ साली, अकोल्यास त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. परंतु २००६ साली केंद्र सरकारला विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकरी आत्महत्यांमुळे खास मदत जाहीर करावी लागली, त्यांत अमरावती व अकोला हे दोन्ही जिल्हे होते. शाळा, महाविद्यालये व विद्यापीठ यांचे एवढे जाळे असताना असे का व्हावे, हा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही. माझ्या मते त्याचे उत्तर असे की, आपण त्यांच्या कार्यातील शिक्षण तेवढे उचलले. त्यामुळे शेतकऱ्याचा एखादा मुलगा शिक्षक झाला, एखादा कारकून झाला, म्हणजे शेतीतून सुटला. जो भाऊ शेतावर राहिला, त्याच्या कर्जाचा व भावाचा प्रश्न होता तेथेच राहिला. हे लेखन वाचणाऱ्यांपैकी अनेकजण त्या सुटलेल्या मुलांपैकीच असतील.

राज्य शासनाने पंजाबरावांचे नाव दोन योजनांना दिले आहे. एक पीककर्जावरील व्याजाच्या सवलतीची आणि दुसरी वसतिगृहाच्या निर्वाह भत्त्याची. कर्ज व वसतिगृह या त्यांच्या जिव्हाळ्याच्या दोन बाबी शासनाने अचूक हेरल्या, असेच म्हणावे लागेल. संघटना ही तिसरी बाब मात्र कोणतेही शासन योजना म्हणून देऊ शकत नाही. ते काम त्यांच्या संस्थांतून शिकून बाहेर पडलेल्यांचे आहे, आणि गावाकडे राहिलेल्या भावाचे त्यांच्यावरील ऋण अद्याप फिटलेले नाही.