जेम्स जे. जेफ्रीज

जेम्स जॅक्सन जेफ्रीज (१५ एप्रिल १८७५ – ३ मार्च १९५३) हा अमेरिकन मुष्टियोद्धा आणि इ.स. १८९९ ते १९०५ या काळातील हेवीवेट गटाचा जगज्जेता होता. जिम जेफ्रीज या नावाने तो अधिक परिचित आहे. अपराजित असतानाच त्याने अजिंक्यपद सोडले आणि तो शेतीकडे वळला. परंतु इ.स. १९०८ च्या अखेरीस जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता ठरला आणि जेफ्रीजने रिंगणात परतावे की नाही, परतला तर कोण जिंकेल, या वादाने अमेरिकेतील वृत्तपत्रांचे रकाने दीड वर्ष भरून वाहू लागले. अखेर ४ जुलै १९१० रोजी नेव्हाडा राज्यातील रेनो येथे ही लढत झाली व जेफ्रीजचा पराभव झाला. त्याच्या सहा वर्षांच्या विजेतेपदापेक्षा हा एकच पराभव लोकांच्या अधिक स्मरणात राहिला आहे.

पूर्वायुष्य

जेफ्रीजचा जन्म ओहायो राज्यातील कॅरोल या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. तो लहान असतानाच कुटुंब कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिस परिसरात स्थायिक झाले. तरुणपणी त्याने बॉयलर बनवण्याचे काम केले. पुढे मुष्टियुद्धात आल्यावरही ‘बॉयलरमेकर’ हे टोपणनाव त्याला चिकटून राहिले. सहा फुटांहून अधिक उंची, सुमारे १०० किलो वजन आणि त्या देहाच्या मानाने विलक्षण चपळाई ही त्याची वैशिष्ट्ये होती.

इ.स. १८९७ मध्ये तत्कालीन जगज्जेता जेम्स कॉर्बेट हा बॉब फिट्झसिमन्सविरुद्धच्या लढतीची तयारी करत असताना जेफ्रीज त्याचा सरावातील जोडीदार होता. कॉर्बेटसारख्या कसलेल्या खेळाडूचे ठोसे रोज खाणे हेच त्याचे खरे शिक्षण म्हणावे लागेल. पुढे टॉमी रायन याच्या मार्गदर्शनाखाली त्याने अंग झुकवून, डावा हात पुढे ताणून लढण्याची पद्धत आत्मसात केली. तो मूळचा डावखुरा असल्याने या पुढच्या हातात मोठी ताकद होती.

जगज्जेतेपद

९ जून १८९९ रोजी न्यूयॉर्कमधील कोनी आयलंड येथे जेफ्रीजने फिट्झसिमन्सला अकराव्या फेरीत गारद करून अजिंक्यपद मिळवले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला टॉम शार्की याच्याशी त्याची पंचवीस फेऱ्यांची लढत झाली. या लढतीचे चित्रीकरण करण्यासाठी रिंगणाच्या वर शेकडो प्रखर विद्युतदिवे टांगले होते आणि त्यांच्या धगीत दोघेही अक्षरशः भाजून निघाले. लढत पूर्ण अवधीपर्यंत चालली व पंचाने जेफ्रीजला विजयी घोषित केले.

११ मे १९०० रोजी त्याचा सामना आपल्या जुन्या मालकाशी, म्हणजे कॉर्बेटशी झाला. बावीस फेऱ्यांपर्यंत कौशल्याच्या जोरावर कॉर्बेट बहुतांश वरचढ होता, परंतु तेविसाव्या फेरीतील एका ठोशाने चित्र पालटले. इ.स. १९०२ मध्ये फिट्झसिमन्सने त्याचा चेहरा रक्तबंबाळ केला, तरी आठव्या फेरीत विजय जेफ्रीजचाच झाला. इ.स. १९०३ मध्ये कॉर्बेट पुन्हा हरला, या वेळी दहाव्या फेरीत. मार खात राहावे, थकू नये आणि प्रतिस्पर्धी थकला की एका ठोशात निकाल लावावा, असा हा खेळ होता. जेफ्रीजला हरवताच येत नाही, हा समज याच लढतींतून रुजला आणि पुढे त्यानेच त्याचा घात केला.

वर्णरेषा आणि निवृत्ती

विजेतेपद मिळण्यापूर्वी जेफ्रीज कृष्णवर्णीय खेळाडूंशी लढला होता. मार्च १८९८ मध्ये त्याने पीटर जॅक्सन या एकेकाळच्या नामवंत कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याला तीन फेऱ्यांत हरवले. जॅक्सन तेव्हा उतरणीला लागलेला होता. अजिंक्यपद मात्र कृष्णवर्णीयांसाठी पणाला लावायचे नाही, ही तेव्हाची ‘वर्णरेषा’ जेफ्रीजने कसोशीने पाळली. टेक्सासमधील गॅल्व्हेस्टनचा जॅक जॉन्सन त्याला वारंवार आव्हान देत होता. मे १९०२ मध्ये जॉन्सनने जेफ्रीजचा भाऊ जॅक याला पाचव्या फेरीत गारद केले होते, तर इ.स. १९०३ मध्ये तो कृष्णवर्णीयांचा हेवीवेट विजेता ठरला. जेफ्रीजने त्याचे आव्हान स्वीकारले नाही.

ऑगस्ट १९०४ मध्ये जॅक मन्रो याला दोन फेऱ्यांत हरवल्यावर जेफ्रीजपुढे दखल घेण्याजोगा गौरवर्णीय प्रतिस्पर्धी उरला नव्हता. मे १९०५ मध्ये तो निवृत्त झाला. त्याच वर्षी ३ जुलैला मार्व्हिन हार्ट आणि जॅक रूट यांच्यात रिक्त पदासाठी लढत झाली. तिचा पंच स्वतः जेफ्रीज होता आणि स्थळ होते रेनो. पाच वर्षांनी याच गावात आपल्याला उतरावे लागेल, हे तेव्हा त्याच्या ध्यानीमनीही नसणार.

पुनरागमनाचा वाद

२६ डिसेंबर १९०८ रोजी ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे जॉन्सनने टॉमी बर्न्सला हरवून जगज्जेतेपद मिळवले. लढत इतकी एकतर्फी होती की चौदाव्या फेरीत पोलिसांनी ती थांबवली. न्यूयॉर्क हेरल्ड या वृत्तपत्रासाठी वार्तांकन करणारा कादंबरीकार जॅक लंडन याने आपल्या वृत्तांताच्या शेवटी जेफ्रीजला शेत सोडून परत येण्याचे आवाहन केले. पुढील काही महिन्यांत हीच मागणी देशभरातून होऊ लागली. गौरवर्णीयांची आशा अशी बिरुदावली त्याला लावण्यात आली.

या काळात जेफ्रीज लॉस एंजेलिसजवळच्या बरबँक येथे लसूणघासाची शेती करत होता. त्याचे वजन १३५ किलोच्या घरात पोहोचले होते आणि सुरुवातीला त्याने परतण्यास नकार दिला. त्यामुळे लढत ठरण्यापूर्वी बराच काळ ती कागदावरच खेळली गेली. जेफ्रीजच्या बाजूने बोलणारे शार्कीबरोबरच्या पंचवीस फेऱ्या, कॉर्बेटविरुद्धची चिकाटी आणि त्याची प्रचंड ताकद यांचे दाखले देत. जॉन्सनला मार्च १९०५ मध्ये मार्व्हिन हार्टने गुणांवर हरवले होते, याची आठवण ते करून देत. इ.स. १९०९ मध्ये वजनाने बराच हलका असलेला स्टॅनली केचेल याने जॉन्सनला बाराव्या फेरीत क्षणभर खाली पाडले, तेव्हा या मंडळींना नवा पुरावा सापडला. उठताक्षणी जॉन्सनने केचेलला बेशुद्ध केले होते, हा उत्तरार्ध मात्र सोयीस्करपणे मागे पडला.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे साधे होते. पाच वर्षे रिंगणाबाहेर राहिलेल्या माणसाचे पाय आणि श्वास परत येत नाहीत. चरबी उतरवता येते, पण अंतराचा अंदाज आणि वेळेचे भान सरावाच्या लढतींशिवाय मिळत नाही. शिवाय जॉन्सनसारखा बचाव करणारा खेळाडू जेफ्रीजला त्याच्या भराच्या काळातही कधी भेटला नव्हता. हे मत मांडणारे जाणकार होते, पण त्यांचा आवाज क्षीण राहिला. याचे कारण असे की हा वाद केवळ खेळापुरता नव्हता. कृष्णवर्णीय माणसात धैर्य कमी असते, पोटात मार बसला की तो खचतो, अशी निराधार विधाने त्या काळी क्रीडाशास्त्राच्या थाटात छापली जात. जेफ्रीज जिंकणार, हे भाकीत पुष्कळ अंशी या गृहीतकावर उभे होते. वादातला जेफ्रीज इ.स. १९०४ चा होता, प्रत्यक्षात उतरायचे होते ते इ.स. १९१० च्या शेतकऱ्याला.

लोकांचा रेटा आणि मोठी रक्कम या दोहोंपुढे जेफ्रीज अखेर नमला. इ.स. १९०९ मध्ये त्याने लढण्याची तयारी जाहीर केली. टेक्स रिकार्ड आणि जॅक ग्लीसन या आयोजकांनी १,०१,००० डॉलरची बोली लावून लढत मिळवली. ही रक्कम तेव्हा अभूतपूर्व होती. जेफ्रीजने युरोपात कार्ल्सबाड येथील स्नानोपचार घेतले, डोंगरात धावून आणि मासेमारी करून वजन बरेच कमी केले. कॉर्बेट आता त्याचा प्रशिक्षक होता. सरावाच्या लढतींचा मात्र जेफ्रीजला कंटाळा होता. बघ्यांना आणि वार्ताहरांना तो टाळत असे. शरीर पिळदार दिसू लागले आणि तेवढ्यावर बहुतेकांचे समाधान झाले.

रेनोची लढत

लढत मुळात सॅन फ्रान्सिस्को येथे व्हायची होती. धार्मिक संघटनांच्या विरोधानंतर कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने ऐनवेळी परवानगी नाकारली व रिकार्डने सर्व व्यवस्था रेनोला हलवली. काही दिवसांत तेथे लाकडी प्रेक्षागार उभारण्यात आले. आर्थर कॉनन डॉयल याला पंच म्हणून बोलावण्याचा प्रयत्न झाला, परंतु शेवटी रिकार्ड स्वतःच पंच झाला. ४ जुलै, अर्थात अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, हा मुहूर्त होता. सुमारे २०,००० प्रेक्षक भर उन्हात बसले होते. त्यांतील बहुतेक गौरवर्णीय होते. पैजांमध्येही पारडे जेफ्रीजकडे झुकलेले होते.

जेफ्रीजचे वय ३५ व वजन १०३ किलो होते. जॉन्सन ३२ वर्षांचा व ९४ किलोंचा होता. पंचेचाळीस फेऱ्यांचा करार झाला होता. पहिल्या काही फेऱ्यांतच स्थिती स्पष्ट झाली. जेफ्रीज झुकून पुढे येई, जॉन्सन त्याचे दंड धरून त्याला जखडून ठेवी आणि जवळून वर येणारा ठोसा मारी. जेफ्रीजचा उजवा डोळा सुजून बंद झाला. कॉर्बेट कोपऱ्यातून जॉन्सनला टोमणे मारत होता, तर जॉन्सन लढता लढता त्याला हसून उत्तरे देत होता. पंधराव्या फेरीत जेफ्रीज कोसळला. कारकिर्दीत प्रथमच कोणी त्याला खाली पाडले होते. तो उठला, पुन्हा पडला, पुन्हा उठला. तिसऱ्यांदा पडल्यावर त्याचे सहकारी रिंगणात शिरले आणि दहा अंक पुरे मोजले जाण्याआधीच लढत थांबवण्यात आली.

परिणाम

निकाल तारेने देशभर पोहोचला. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांबाहेर ताज्या बातमीसाठी गर्दी जमली होती. कृष्णवर्णीय वस्त्यांत जल्लोष झाला आणि त्या रात्री अनेक शहरांत गौरवर्णीय जमावांनी त्यांच्यावर हल्ले केले. मृतांचे आकडे निरनिराळे दिले जातात, पण ते वीसच्या आसपास आहेत, आणि मृतांपैकी बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. रिंगणातील दोघांपैकी कोणीही या माणसांना ओळखत नव्हते.

लढतीचा चित्रपट दाखवण्यास अनेक राज्यांनी व शहरांनी बंदी घातली. इ.स. १९१२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने मुष्टियुद्धाच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास मनाई करणारा कायदा केला आणि तो इ.स. १९४० पर्यंत लागू राहिला. हाच चित्रपट इ.स. २००५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी समाविष्ट करण्यात आला.

जेफ्रीजवर गुंगीचे औषध घातले गेले, लढत आधीच ठरलेली होती, अशा वावड्या पुढे उठल्या. त्यांना आधार नाही. स्वतः जेफ्रीजने लढतीनंतर दिलेली कबुली अधिक मोलाची आहे. आपल्या उमेदीच्या काळातही जॉन्सनला हरवणे शक्य झाले नसते, असे त्याने मान्य केल्याचे वृत्तपत्रांत आले. ज्यांनी त्याला परत आणले त्यांच्यापैकी अनेकांनी एवढा प्रांजळपणा दाखवला नाही.

उत्तरायुष्य

यानंतर जेफ्रीजने व्यावसायिक लढत खेळली नाही. बरबँक येथील आपल्या शेतावरच्या कोठारात त्याने नवोदितांना शिकवले व तेथे नियमित लढती भरवल्या. ‘जेफ्रीजचे कोठार’ दक्षिण कॅलिफोर्नियातील शौकिनांचे आवडते ठिकाण होते. ३ मार्च १९५३ रोजी बरबँक येथेच त्याचे निधन झाले. त्याच्या मृत्यूनंतर ही इमारत ब्युएना पार्कमधील नॉट्स बेरी फार्म येथे हलवण्यात आली. इ.स. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध सन्मान दालनात त्याचा समावेश झाला.

काल्पनिक लढतींमध्ये

सर्वकालीन खेळाडूंची तुलना करणाऱ्यांनी जेफ्रीजला नेहमी वरचे स्थान दिले. रिंग मासिकाचा संस्थापक नॅट फ्लायशर याने आपल्या हेवीवेट क्रमवारीत जॉन्सनला पहिला आणि जेफ्रीजला दुसरा क्रमांक दिला होता.

इ.स. १९६७ मध्ये मरे वोरोनर या निर्मात्याने संगणकाच्या साहाय्याने सर्वकालीन हेवीवेट विजेत्यांची काल्पनिक स्पर्धा घेऊन ती रेडिओवर प्रसारित केली. तिच्यात जेफ्रीजने उपांत्यपूर्व फेरीत मुहम्मद अलीला हरवले. व्हिएतनाम युद्धासाठी भरती होण्यास नकार दिल्याने अलीचे विजेतेपद त्याच वर्षी काढून घेण्यात आले होते आणि त्याला लढण्यासही मज्जाव होता. जॅक जॉन्सनच्या आयुष्यात आपले प्रतिबिंब पाहणाऱ्या अलीला, जॉन्सनने हरवलेल्या माणसाकडून यंत्राने आपल्याला हरवावे, हे रुचले नाही. त्याने दहा लाख डॉलरच्या भरपाईचा दावा लावला. पुढे तडजोड झाली आणि अलीने निवृत्त विजेता रॉकी मार्सियानो याच्याबरोबर आणखी एका काल्पनिक लढतीचे चित्रीकरण करण्यास मान्यता दिली. तो चित्रपट जानेवारी १९७० मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा मार्सियानोचे विमान अपघातात निधन होऊन काही महिने लोटले होते आणि अली त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खऱ्या रिंगणात परतला.